मिलवॉकीच्या वकीलकाकूंना

आदरणीय काकू,
सा. न.

तोंडावर आभार मानले की "परक्यासारखं काय बोलतेस" म्हणून तुम्ही गप्प करता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

मी इथल्या मार्क्वेट लॉ स्कूलमधून पदवी घेतली तेव्हा जो तो म्हणत होता, शिकागोला जा, पैसा तिकडे आहे. खोटं नव्हतं. ट्रेनने दीड तासाचा रस्ता. पण आपल्या विस्कॉन्सिन राज्याची गंमत अशी की इथल्या दोन लॉ स्कूलच्या पदवीधरांना बारच्या, म्हणजे वकिलीच्या, परीक्षेशिवाय सनद मिळते. १८७० पासूनची ही सवलत. शिकागोला जायचं तर शेजारच्या इलिनॉय राज्याची परीक्षा आलीच. तुम्ही मला थांब म्हणाला नाहीत की जा म्हणाला नाहीत. म्हणालात, "उद्या सकाळी कोर्टात ये माझ्याबरोबर."

काउंटी कोर्टातली ती ४०० नंबरची खोली! घर खाली करण्याचे दावे, बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, कुणाच्या मांडीवर पोर, आणि बहुतेक भाडेकरूंना वकीलच नाही. एका बाईंशेजारी तुम्ही बसलात. त्यांची कहाणी सुरू व्हायच्या आधीच हात पुढे केलात, "नोटीस दाखवा." चष्मा कपाळावर, कागद नाकाशी, पेनाचं टोक तारखेवर. भाडं थकलं म्हणून दिलेली पाच दिवसांची नोटीस. ती हातात पडली तो दिवस मोजायचा नाही. घरमालकाने मोजला होता, आणि दावा एक दिवस आधी ठोकला होता.

मला वाटलं, झालं, जिंकलो. तुम्ही मात्र बाहेर जाऊन समोरच्या वकिलाशी बोलत उभ्या राहिलात. थकबाकीचे हप्ते ठरवलेत, दावा काढून घ्यायचं कबूल करून घेतलंत, आणि नोंदीत नेमके कोणते शब्द जातील यावर पुन्हा दहा मिनिटं घासाघीस. राज्याच्या कोर्टांच्या नोंदी घरबसल्या कुणालाही बघता येतात, दावा फेटाळला गेला तरी नाव लगेच पुसलं जात नाही, आणि पुढचा घरमालक नाव आधी तिथेच टाकून बघतो. निकालापेक्षा मागे कागदावर काय उरतं ते बघायचं, हे कोणत्याही वर्गात इतकं नीट कळलं नव्हतं. त्या वकिलाशी तुम्ही इतक्या गोड का बोललात, हेही मग उमगलं. इथलं वकिलांचं वर्तुळ एवढंसं. त्याच माणसाशी पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठ असते.

शिकागोचा विषय त्यानंतर निघालाच नाही.

दुसरं देणं त्याहून मोठं म्हणेन. पुण्यात आमच्या सरांचं खरं ऑफिस संध्याकाळी सातला सुरू व्हायचं, आणि तीच सवय घेऊन मी इथे आले. तुम्ही पाचला येऊन माझा लॅपटॉप मिटायचात. (राग यायचा, आता सांगते.) सुनावणी नसेल त्या दिवशी डबा घेऊन विस्कॉन्सिन ॲव्हेन्यूने थेट मिशिगन सरोवरापर्यंत चालायला लावायचात, कारण दुपारी बाराला आर्ट म्युझियमच्या छतावरचे पंखांसारखे हलते पडदे मिटून उघडतात. वास्तुरचनाकार कॅलाट्राव्हाने २००१ साली उभारलेले ते २१७ फुटी पंख वारा फार झाला की आपोआप मिटतात. असल्या दिवशी तुम्ही म्युझियमवर चिडायचात, हवेवर नाही.

मे महिन्यात पश्चिमेच्या उपनगरांत लोक अर्ध्या बाह्यांत हिंडत असताना आपण काठावर जाकीट घालून कुडकुडायचो. पाणी तापायला वेळ लागतो, तुम्ही म्हणायचात, पक्षकारासारखंच आहे. आणि साठी उलटल्यावर मॅकिनलीच्या बोटींच्या धक्क्यावर शिडाची बोट हाकायला शिकलात! मला पहिल्यांदा बसवलंत तेव्हा मी सगळे देव आठवले होते.

आता तुम्ही प्रॅक्टिस आवरती घेताय. मार्क्वेटची दोन मुलं हल्ली माझ्याबरोबर त्या खोलीत येतात. आधी तारीख बघतात, मग माणसाचं ऐकतात. तुमची हस्तलिखित टिपणांची जाड वही माझ्याकडे आहे. ती मागू नका, मिळणार नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

शनिवारी बोटीवर येते. जेवण मी आणते, सुकाणू तुमच्याकडे.

तुमची,
ज्युनियर (अजूनही)