ट्रायम्फला आठवणींनी तारलं नाही

संपादक महोदय,
स. न.

जुन्या मोटरसायकल कंपन्यांच्या पुनरागमनावरचा आपला लेख वाचला. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीला जपान्यांनी बुडवलं आणि जुन्या आठवणींनी तारलं, असा त्याचा सूर आहे. मला यातलं काहीच पटलं नाही.

होंडाची सीबी 750 आली 1969 मध्ये. चार सिलिंडर, झडपा वरूनच उघडणारा ओव्हरहेड कॅम, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू. ट्रायम्फची तीन सिलिंडरची ट्रायडेंट तिच्या आदल्याच वर्षीची, तरी पुशरॉडवाली, म्हणजे झडपा लांब दांड्यांनी उघडणाऱ्या जुन्या पद्धतीची, आणि किकवर सुरू होणारी. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचा, जोड उभा, थेट तळापर्यंत गेलेला. तेल पाझरायला वाट आयतीच. हे दुखणं जगजाहीर होतं, पण मालकांना नव्या यंत्रांवर पैसा घालायचा नव्हता. याला होंडा काय करणार? 1973 मध्ये ट्रायम्फचा इंग्लंडमधला मेरिडनचा कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा कामगारांनीच तो अडवून धरला, आणि 1975 पासून सरकारी कर्जावर सहकारी तत्त्वाने चालवला. जिद्द दांडगी, पण नवं इंजिन काढण्याइतका पैसा नाही. बॉनव्हिल ही ट्रायम्फची गाजलेली गाडी, पण मूळ 1959 ची; ती किती वर्षं ओढणार? 1983 मध्ये कुलूप लागलं.

ट्रायम्फचं नाव विकत घेतलं जॉन ब्लूर यांनी. गवंडीकामातून वर आलेला बांधकाम व्यावसायिक! जुन्या बॉनव्हिलचं उत्पादन त्यांनी परवाना देऊन दुसऱ्याकडे सोपवलं आणि स्वतः काही वर्षं गप्प राहून इंग्लंडमध्येच हिंकलीला नवा कारखाना उभारला. 1990 मध्ये गाड्या दाखवल्या त्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या. त्यातली हुशारी बघा: सिलिंडरचा व्यास सगळीकडे 76 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 55 किंवा 65 मिमी, सिलिंडर तीन किंवा चार. एवढ्यात 750, 900, 1000 आणि 1200 सीसीची चार इंजिनं! सुटे भाग सामाईक, म्हणून खर्च आटोक्यात.

आठवणींवर धंदा करायचा असता तर बॉनव्हिल पहिल्याच दिवशी आली असती. हिंकलीची बॉनव्हिल 2001 मॉडेल म्हणून आली, कंपनीचा जम बसल्यावर. बजाजकडून चाकणला बनवून घेतलेल्या स्पीड 400 चं रूप जुन्या वळणाचं असलं, तरी इंजिन कोरं करकरीत आहे.

आपल्या लेखात ब्लूर यांचं नाव एकदाही आलेलं नाही. पुढच्या भागात तेवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक