कालिंपाँगच्या दाजूंना

दाजू, म्हणजे आमच्या मराठीत दादा, नमस्ते आणि जयभीम.

पत्र मराठीत लिहितेय. लिपी तुमच्या नेपाळीचीच आहे, तेव्हा तुमची मुलगी अडखळत का होईना वाचून दाखवेल. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर मोटर स्टँडवरची मंडळी तुम्हाला सुखानं चहा पिऊ देणार नाहीत.

बाकीचे प्रवासी तुम्हा ड्रायव्हरांना ‘पॉइंट’, म्हणजे पाहायची ठिकाणं, विचारतात. माझ्या आईनं गाडीत बसल्याबसल्या विचारलं, “संघरक्षित भन्तेजी इथं कुठं राहायचे?” हे नाव तुम्ही कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकायचं काही कारणही नव्हतं. आमच्या नागपुरात मात्र जुन्या माणसांना ते ठाऊक आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तेव्हा हा इंग्रज भिक्खू योगायोगानं नागपुरात होता. शोकसभेत तो बोलला, पुढचे दिवस वस्त्यावस्त्यांतून फिरला आणि हादरलेल्या माणसांना धीर दिला. माझे आजोबा त्या गर्दीत होते. ‘कालिंपाँगवाले भन्तेजी’ एवढंच त्यांनी आईला सांगितलं होतं. भन्तेजी १९५० साली उत्तर बंगालच्या डोंगरातल्या तुमच्या गावी आले आणि चौदाएक वर्षं तिथंच राहिले, हे मी नंतर वाचलं.

“पता करते हैं” म्हणून तुम्ही गाडी कडेला लावलीत आणि बाजारातल्या नेपाळच्या नेवार समाजातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला गाठलंत. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. मग धर्मोदय विहाराचा रस्ता कळला. भन्तेजी सुरुवातीला तिथंच उतरले होते. आई पायरीवर बसली, आजोबांचं नाव घेतलं आणि त्रिशरण-पंचशील म्हणाली. तुम्ही टोपी काढून मागे उभे होतात. घड्याळ एकदाही पाहिलं नाहीत. भाड्याच्या गाडीत असं होत नसतं, दाजू.

दुरपिनच्या टेकडीवर मात्र आई बिथरली, हे तुमच्या लक्षात आलंच असणार. पांढऱ्या साडीत, साध्या विहारात बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावणारी बाई ती. झांग ढोक पालरी या तिबेटी मठात शिरली तर भिंतभर रंग, वटारलेल्या डोळ्यांचे रक्षक, तुपाचे दिवे, मधोमध गुरू पद्मसंभव. “हे देवदेवच झाले की, बापा!” असं ती मला कुजबुजली. देवदेवता न मानण्याच्या बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या बाईनं दुसरं काय म्हणावं? खरं सांगायचं तर मलाही ते पचायला जड गेलं, अजून पुरतं पचलेलं नाही. तुम्ही समजावत बसला नाहीत. एका तरुण लामाला बोलावून कांग्यूरच्या, म्हणजे तिबेटी बौद्ध ग्रंथसंग्रहाच्या, पोथ्या दाखवायला सांगितलंत. बुद्धवचनाचे हे १०८ खंड तिबेटातून सांभाळून आणलेले, हे ऐकल्यावर आईचा चेहरा निवळला. पुस्तकापुढं ती नेहमीच नमते. मग गच्चीवर तुम्ही खाली तिस्तेचं खोरं दाखवलंत. ढगांमुळं कांचनजुंगा दिसलं नाही, त्याबद्दल तुम्हीच माफी मागत होतात!

तिरपईच्या थारपा चोलिंगला, १९१२ सालच्या त्या गोंपात, म्हणजे मठात, आईचे गुडघे बोलायला लागले. तुम्ही गाडी नेता येईल तितकी वर नेलीत आणि उरलेल्या पायऱ्यांना हात दिलात. भूतानी काळातला थोंग्सा गोंपा आम्ही बाहेरूनच पाहिला. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शनिवारचा हाट तर तुमच्यामुळंच निभावला. डल्ले खुर्सानीची एकच लालबुंद मिरची चावून आमच्या भिवापुरी मिरचीचा अभिमान बाळगणारी माझी आई गप्प झाली, हे घरी कुणाला खरं वाटत नाही. आणि त्या पांढऱ्या चपट्या वड्या! बत्तासे समजून तिनं पावभर घ्यायला सांगितल्या होत्या. “आमाजी, ये मर्चा है, इससे जाँड़ बनता है,” असं तुम्ही हळूच म्हणालात. दारू आंबवायच्या वड्या त्या! म्हणून मद्य न घेण्याचं पाचवं शील वाचलं. छुर्पी, ते दगडासारखं वाळवलेलं चीज, मात्र आम्ही अजून चघळतोय.

एकेकाळी तिबेटातून जेलेपला खिंडीतून लोकरीनं लादलेली खेचरं याच बाजारात उतरायची, आणि १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार संपला, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलेलं सांगत होतात. आई मन लावून ऐकत होती. तुमचे आजोबा खेचरांमागून चालत आलेले, तिचे वडील शोकसभेत उभे राहिलेले. तुमची दोघांची गट्टी का जमली, ते मला तेव्हा कळलं.

परतताना दरड कोसळून तिस्तेकाठचा रस्ता बंद झाला. तुम्ही लाव्हा-गोरुबथानवरून वळसा घालून आम्हाला न्यू जलपाईगुडीला पोचवलंत आणि जादा डिझेलचे पैसे घ्यायला तयार झाला नाहीत. ते पैसे मी सीटच्या मागच्या खिशात ठेवले आहेत. रागावू नका.

आईचा निरोप: दीक्षाभूमी पाहायला नागपूरला या. अशोक विजयादशमीला या म्हणणार होते, पण तेव्हा तुमच्याकडे दसैंचा, म्हणजे तुमच्या दसऱ्याचा, टीका असतो, वहिनी सोडायच्या नाहीत. डिसेंबरात या. संत्री तेव्हा बाजारात असतात, आणि तुमची गोड की आमची, हा वाद अजून मिटायचा आहे.

तुमची,
नागपूरची बहिनी