रेंजफाइंडरसाठी पोलरायझर निवडताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पावसाळी छायाचित्रणावरचा लेख वाचला. ओल्या पानांवरची पांढरट चकाकी पोलरायझर फिल्टरने कशी जाते आणि खालचा हिरवा रंग कसा उघडा पडतो, हे लेखकाने नेमके सांगितले आहे. मात्र ‘फिल्टर सर्क्युलरच घ्यावा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहत फिरवावा’ हा सल्ला एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यापुरताच खरा आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटातला याशिका नाहीतर कॅनोनेट असा रेंजफाइंडर कॅमेरा बाहेर काढून त्यात पुन्हा रोल भरणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. त्यांनी हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर पैसे आणि रोल दोन्ही वाया जातील, म्हणून हे पत्र.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे लेन्सवरचा फिल्टर कितीही फिरवला तरी डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. यावर जुना उपाय असा, की फिल्टर हातात धरून डोळ्यासमोर फिरवावा, चकाकी सर्वांत कमी दिसेल तेव्हा कडेवरची कोणती खूण वर आली आहे ते पाहावे, आणि फिल्टर लेन्सवर चढवल्यावर पुढची कडी फिरवून तीच खूण पुन्हा वर आणावी. म्हणून दुकानात पहिल्यांदा पाहायचे ते कडीवर आकडे किंवा निदान एखादा ठिपका आहे का. नसेल तर पांढऱ्या नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. लायकाने आपल्या एम कॅमेऱ्यांसाठी आधी वर उचलून व्ह्यूफाइंडरसमोर धरता येईल आणि मग खाली लेन्ससमोर आणता येईल असा फिल्टर काढला होता. तो देखणा आहे, पण नेलपॉलिशच्या थेंबाने काम भागत असताना त्यावर खर्च करावा असे मला वाटत नाही.

सर्क्युलरच हवा, हा आग्रह मुळात आला तो एसएलआरमधल्या अर्धपारदर्शक आरशामुळे. पोलरायझरमधून आलेला सरळ ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश त्या आरशावर पडला की प्रकाशमापक आणि ऑटोफोकस चकतात, म्हणून ध्रुवक काचेमागे आणखी एक थर देऊन तो प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करतात. रेंजफाइंडरमध्ये असा आरसाच नसल्याने साधा लीनिअर फिल्टर अगदी पुरेसा आहे. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा जुन्या सामानाच्या दुकानात तो मिळाला तर बिनधास्त घ्यावा. सर्क्युलर आधीच घरात असेल तर त्यानेही काही बिघडत नाही. फक्त डोळ्यासमोर धरताना आट्यांची बाजू डोळ्याकडे हवी, उलटा धरला तर परिणाम दिसणार नाही. हातातला फिल्टर कोणता हे ओळखायचे असेल तर आट्यांची बाजू आरशाकडे करून एका डोळ्यासमोर धरावा. आरशातली फिल्टरची काच काळी दिसली तर तो सर्क्युलर.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रकाशमापकाचा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ मध्ये मापकाचा डोळा लेन्सच्या कडीतच असल्याने ४८ मिमीचा फिल्टर त्यालाही झाकतो आणि हिशेब आपोआप होतो. याशिका इलेक्ट्रो ३५ वर फिल्टर ५५ मिमीचा लागतो, पण मापकाचा डोळा वर, व्ह्यूफाइंडरच्या शेजारी आहे. त्याला फिल्टरचा पत्ताच नसतो. शटरचा वेग हा कॅमेरा स्वतःच ठरवत असल्याने ४०० एएसएचा रोल असताना फिल्मची ही संवेदनशीलता (एएसए) कॅमेऱ्याला सांगणारी चकती १०० वर आणणे हाच उपाय उरतो, आणि फिल्टर काढल्यावर ती आठवणीने परत ४०० वर न्यावी लागते.

माझी स्वतःची फजिती झाली ती वेगळ्याच कारणाने. वाईजवळच्या मेणवली घाटावर पाण्याखालच्या पायऱ्या टिपायच्या होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिले की परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो, म्हणून तशी जागा धरली, फिल्टर जुळवला, आडवे फोटो घेतले. मग घाटाची उंची चौकटीत यावी म्हणून कॅमेरा उभा केला आणि त्याच्याबरोबर फिल्टरही ९० अंशांत फिरला हे ध्यानातच आले नाही. रोल धुऊन आल्यावर आडव्या फोटोंत शेवाळलेल्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या आणि उभ्या सहाही फोटोंत पाण्यावर नुसते पांढरे आकाश. खूण कॅमेऱ्याच्या नव्हे, जमिनीच्या हिशेबाने वर असावी लागते, हे त्या दिवशी कळले.

पाण्यावरची चकाकी अशी दूर सारून आत पाहण्याला आपल्याकडे थोर परंपरा आहे, हे जाता जाता नोंदवतो. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ बोटीने परतत असताना निकोल प्रिझममधून, म्हणजे पोलरायझरचेच काम करणाऱ्या स्फटिकातून, समुद्र न्याहाळत होते. पृष्ठभागावरचे आकाशाचे प्रतिबिंब वजा केल्यावरही निळाई उरते, हे त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’ला लिहून कळवले. तेही संपादकांना लिहिलेले पत्रच होते.

आकाश गडद करण्यासाठी फिल्टर घेणाऱ्यांनी मात्र जरा सबुरीने घ्यावे. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यातच हा परिणाम सर्वाधिक असतो, आणि रेंजफाइंडरवर अनेकांची आवडती असलेली २८ मिमीची लेन्स आकाशाचा एवढा मोठा तुकडा घेते की मध्ये गडद निळा डाग आणि दोन्ही बाजूंना फिके आकाश असे चित्र येते. भांड्यांवरची किंवा मोटारीच्या क्रोमवरची चकाकी तर या फिल्टरने जातच नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश फारसा ध्रुवित नसतो.

लेखाचा पुढील भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात निदान आपल्याकडे सर्रास सापडणाऱ्या दोन-चार रेंजफाइंडरांच्या फिल्टरची मापे आणि त्यांच्या मापकाच्या डोळ्याची जागा द्यावी, अशी लेखकाला विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा