टमटमवाल्या भाऊंचे, आशाताईंचे आणि त्या पोराचे आभार

हे आभार उशिराच आहेत. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना कोरोनाची लस सुरू झाली, पण वसमतकडच्या आमच्या खेड्यात कुणी हलेना. "सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो," असं पारावर ठरलेलं. माय म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये मोंढा बंद अन् हळद घरात पडून, त्यामुळं सरकारचं काहीही आलं की कपाळाला आठी. ती आठी अगदीच खोटी नव्हती म्हणा.

आशाताईंनी वाद घातला नाही. ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि बाही वर करून दंड दाखवला. "दोन्ही सुया घेतल्या, जित्ती हाय की मी!" माय उठली.

केंद्रावर नऊच जण. कोविशील्डची कुपी दहा जणांची, उघडली की चार तासांत संपवायची. नर्सबाई दहाव्याची वाट बघत बसलेल्या. बाहेरच्या टमटमवाल्यानं न सांगता गाडी वळवली अन् शेतातल्या आखाड्यावरून एका म्हाताऱ्याला घेऊन आला. भाडं घेतलं नाही. ज्या पोरानं स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी मागवून मायची नोंदणी केली, तो कुणाचा, तेही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या डोसचं अंतर मे महिन्यात वाढलं, तर माय कॅलेंडरवर खुणा करत बसायची.

भाऊ, तुमच्या गाडीमागं 'आईची पुण्याई' लिहिलेलं होतं, एवढंच आठवतं. हे वाचलं तर घरी या. माय विचारत असते.