आरोग्यमंत्री साहेब, बीपीचं मशीन तालमीत पाठवा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

तुम्ही आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळं कोल्हापूरचा माणूस काय नि किती जेवतो हे तुम्हाला फाईल बघून कळायची गरज नाही. सकाळी मिसळीला एक्स्ट्रा कट, रविवारी तांबडा-पांढरा वाटीवर वाटी, रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. हे सगळं आमच्या आजोबांना पचायचं कारण ते पहाटे तालमीत जोर-बैठका मारायचे नाहीतर दिवसभर रानात राबायचे. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ ला बांधून दिलं, त्या गावात आज तालमी आहेत पण बऱ्याच तालमींत लाल मातीपेक्षा गणपतीची मीटिंग नि फुटबॉल टीमचे बॅनर जास्त. खुराक पैलवानाचा राहिला, काम खुर्चीतलं झालं. कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायची तरी पोरं गाडीचं बटन दाबत्यात.

आता यावर आपलं खातं करतं काय, तर पोस्टर लावतं. मीठ कमी खा, व्यायाम करा, तंबाखू सोडा. आणि ते पोस्टर लावतं कुठं, तर दवाखान्यात, म्हणजे वाचणारा आधीच आजारी पडून तिथं आलेला!

साहेब, माझं एकच म्हणणं आहे, तपासणी माणसापर्यंत न्या, माणूस तपासणीला यायची वाट बघू नका. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर बघायचं असं राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच की. पण ओपीडीच्या वेळेला शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला कामगार कारखान्यात मशीनवर उभा असतो, आणि आशाताई दुपारी घरी येतात तेव्हा घरी सासूबाई सापडतात, मुलगा नाही. त्यात बीपी काही दुखत नाही, मग अर्धा दिवस खाडा करून कोण तपासायला जाणार? आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ ला जो मोठा अभ्यास आला त्यात देशातल्या ३५.५ टक्के मोठ्या माणसांना बीपी आणि ११.४ टक्क्यांना शुगर निघाली. म्हणजे आमच्या कट्ट्यावर सहाजण बसले तर त्यातल्या दोघांना असणार, आणि माहिती एखाद्यालाच असेल.

आमच्या मंडळानं गणपतीत तपासणी ठेवली होती. फाउंड्रीतला एक गडी आला, चाळिशीचा, दंड असला की बीपीच्या मशीनचा पट्टाच पुरंना. नर्सताई म्हणाल्या लहान पट्ट्यावर आकडा उगाच जास्त दाखवतो, म्हणून मोठा पट्टा मागवला, गड्याला पाच मिनिटं गप बसवला, तरी १७८ वर १०६. परत घेतलं, जवळपास तेवढंच. हा म्हणतोय कसा, "मशीन गंडलंय ताई, मी काल अर्धा किलो मटण पचवलंय." सगळी हसली, तोही हसला. पण वरचा आकडा १४० च्या वर राहिला की डोक्याच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या आतल्या आत खराब होत राहतात आणि बाहेरनं माणूस ठणठणीत. मग एक दिवस अंगावरनं वारं जातं, म्हणजे लकवा मारतो. त्यातही आपल्याकडं आधी मालिशवाला शोधायचा, झाडपाला आणायचा, आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो.

आता मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून चहाच्या चमच्यानं सपाट एक चमचा. घरची बाई सांगते मी भाजीत बेतानंच घालते, आणि ते खरंही असतं, पण कांदा-लसूण चटणीत मीठ आहे, लोणच्यात आहे, पापडात, फरसाणात, भडंगात, खाऱ्या शेंगदाण्यात आहे, आणि तांबड्यात वेगळं नि पांढऱ्यात वेगळं. पाकिटावर पुढच्या बाजूला ठळक छापायचं काम दिल्लीचं, मान्य. पण कारखान्यांची कॅन्टीन, सरकारी हॉस्टेलचा मेस, एसटी स्टँडवरचे स्टॉल इथं तर राज्य सरकार बोलू शकतं? (मिसळवाल्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, पुढची निवडणूक आहे.)

तंबाखूचं काय बोलायचं. गुटखाबंदी २०१२ ची आहे आणि टपरीवर पानमसाल्याची एक पुडी नि तंबाखूची दुसरी, दोन्ही हातावर मिसळली की झालं काम. पण याच्यापेक्षा मला मशेरीची काळजी जास्त वाटते, कारण तिच्यावर कोण बोलतच नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायचं. लावणाऱ्या बाईला विचारा तंबाखू खाता का, ती नाहीच म्हणणार आणि खोटंही बोलत नसते, तिच्या लेखी ते दात घासणं असतं. गरोदरपणातही सुटत नाही, बाळ कमी वजनाचं होतं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. आशाताईंच्या फॉर्मात कंबरेचं माप विचारतात, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करता का विचारतात, तिथं मशेरी नाव घेऊन विचारायला सांगा. एवढा बदल तर एका परिपत्रकात होईल.

चालायचं म्हटलं तर रंकाळ्यावर जागा आहे, पण रंकाळ्यापर्यंत चालत जायला फूटपाथ कुठंय? हे महापालिकेचं काम असं तुम्ही म्हणाल, पण पालकमंत्री पण तुम्हीच की हो साहेब.

तर मागणी एवढीच आहे. आठवड्यातनं एक दिवस संध्याकाळी सात ते नऊ नर्सताई आणि मशीन तालमीत, दूधकट्ट्यावर, फाउंड्रीच्या गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळेला बसू द्या. ज्याचा आकडा जास्त आला त्याला महिन्याच्या गोळ्या तिथंच मिळू देत, कारण चिठ्ठी घेऊन सोमवारी या म्हटलं की तो येत नसतोय. जागा, खुर्च्या, चहा (बिनसाखरेचा) आमचं मंडळ बघेल. मोठ्या मापाचे पट्टे तेवढे जादा पाठवा, इथले दंड अजून बारीक झालेले नाहीत.

आपला,
शिवाजी पेठेतला एक मतदार