मंत्रिमहोदय, माझा मणका तुमच्या फायलीत कुठेच नाही

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

उतरताना आमच्या विमानाला बसलेल्या झटक्याची चौकशी कुठवर आली, या माझ्या पत्राला आपल्या कार्यालयाचं उत्तर काल मिळालं. 'सदर बाब तांत्रिक स्वरूपाची असून प्रवाशांच्या सुरक्षेस धोका नव्हता. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' गेल्या वर्षी आपणच कॅमेऱ्यांसमोर म्हणाला होतात, महिनाभरात अहवाल जाहीर करू. तो महिना कोणत्या पंचांगातला, तेवढं कळवावं.

धोका नव्हता, तर माझा मणका कशाने मोडला? धुक्यात विमान ऑटोपायलटवर उतरत होतं. अचानक नाक वर उसळलं, कोणी म्हणतं 25 अंश, कोणी 30, मी काही मोजत बसलो नव्हतो. इंजिनं किंचाळली, मग आम्ही खाली आदळल्यासारखे आलो. पट्ट्याने कंबर धरून ठेवली, वरचं शरीर गेलं. तेव्हापासून मला धड बसता येत नाही. हे पत्र उभ्यानेच लिहितोय. बूट मुलगी घालून देते. रात्री कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते. विमान कंपनीने काय दिलं? पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन! दिलदार माणसं.

पडून पडून वाचन मात्र भरपूर झालं. धावपट्टीजवळची आयएलएस यंत्रणा, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला रेडिओने वाट दाखवणारी, दोन संकेत देते. एक डावं-उजवं सांगतो, दुसरा उतार, साधारण 3 अंशांचा. पण त्याच्या वर खोटे उतारही तयार होतात आणि 9 अंशांपाशी तर संकेत उलटा होतो. वाजवीपेक्षा उंच राहिलेल्या विमानाच्या ऑटोपायलटने तो पकडला, की खाली जायचं सोडून नाक वर जातं. 2013 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला एका बोइंग 737 विमानाचं नेमकं हेच झालं. ते सुखरूप उतरलं, तरीही डच तपास मंडळाने पुढच्याच वर्षी सगळा अहवाल लोकांपुढे ठेवला. आमच्या विमानाचंही हेच झालं का? का धावपट्टीजवळ कुणाची गाडी आडवी आली आणि संकेत बिघडला? मला कसं कळणार? तुम्ही सांगायचं होतं.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या 13व्या परिशिष्टाप्रमाणे विमानात कुणाचं हाड मोडलं (बोटं आणि नाकाचं साधं फ्रॅक्चर सोडून), तर ती गंभीर इजा, आणि गंभीर इजा झाली की तो अपघात. तुम्ही मात्र 'किरकोळ घटना' नोंदवून मोकळे. अपघात म्हटलं की रीतसर तपास आला, 12 महिन्यांत अंतिम अहवाल आला, तो जमला नाही तर दर वर्षदिनी निवेदन आलं. नकोच ती कटकट.

कॉकपिटमधला आवाज टिपणारं यंत्र जुन्या विमानांत जेमतेम शेवटचे 2 तास जपतं. 25 तासांचं बंधन अलीकडे बनलेल्या मोठ्या विमानांना आहे, आमचं विमान जुनं. मी एक्स-रेच्या रांगेत होतो तेव्हा तेच विमान नवे प्रवासी भरून उडालं. आवाज पुसला गेला. ते यंत्र काढून घ्या म्हणायला तुमचा एकही अधिकारी फिरकला नाही?

मंगळूरला 2010 साली विमान उताराच्या वरच होतं. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, परत वर घ्या. मुख्य वैमानिकाने ऐकलं नाही. 158 माणसं गेली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर 1997 साली उताराचा संकेतच बंद होता, 228 गेली. म्हणजे अहवालाची दखल घ्यायला इतकी प्रेतं लागतात का? आमच्या विमानात कोणी मेलं नाही, हाच आमचा गुन्हा दिसतो.

आणि का व्हावा तपास? विमानतळ तुमच्या खात्याचा, वैमानिकाला परवाना देणारे तुमचे, चौकशी करणारेही तुमचेच. अमेरिकेने आपलं तपास मंडळ वाहतूक खात्यापासून 1975 साली वेगळं काढलं. आपल्याकडे आरोपीच पंचनामा लिहितो आणि साक्षीदाराला कूपन देतो. रस्ता खचो, पूल पडो, सगळीकडे हीच तऱ्हा. समिती नेमायची, लोक विसरले की निकाली.

अहवाल जाहीर करा, नोंद 'अपघात' अशी दुरुस्त करा आणि त्या दिवसाआधी आयएलएसची शेवटची तपासणी कधी झाली होती ते सांगा. उत्तर सही करणाऱ्याच्या नावानिशी पाठवा. मागच्या पत्रावर नुसता शिक्का होता.

कळावे. लोभ असावा, असं मी यावेळी लिहीत नाही.

मणका मोडलेला एक प्रवासी