हे पत्र नोकरीबद्दल नाही

देवगड, १६ नोव्हेंबर २०२५

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी आपटला की तू ठेवलास, यावरून तुझी आई आणि मी अजून भांडतो आहोत. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहायला बसलो. पुण्याच्या कंपनीला तू नकार कळवलास, तो विषय संपला, त्यावर एक अक्षर लिहिणार नाही. आई बाजूला बसून सांगते, "झिलाक लिवतास तर आधी जेवता काय नाय ता इचारा." तर, जेवतोस का वेळेवर?

थंडी अजून हवी तशी पडत नाही. कलमांना पालवीच दिसते, मोहोराचं नाव नाही. काकाचा गुडघा तसाच. राजापूरवाल्यांचा पुन्हा फोन आला होता. मुलगा नक्की काय करतो, विचारत होते. मी म्हटलं, इथेरियम म्हणून कॉम्प्युटरांचं एक सामायिक हिशेबाचं जाळं आहे, त्याच्या नियमांचं, म्हणजे प्रोटोकॉलचं काम करतो, त्याचं सरावाचं जाळं, टेस्टनेट, सांभाळतो. पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे ते बिटकॉइन ना?" मी म्हटलं, नाही हो. पुढे त्यांनी विचारलं, कंपनी कुठली? इथे माझी गाडी अडते बघ.

तुला वाटतं बाबांना काही कळत नाही. फेब्रुवारीत कुणकेश्वरच्या जत्रेला म्हणून आलास. २५ तारखेच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, पडवीत खुर्ची सरकली आणि मी बाहेर आलो. "होलेस्की पडलं," म्हणालास. मला वाटलं कोण माणूसच पडला; ते तुमच्या एका टेस्टनेटचं नाव निघालं. तू सांगितलंस ते मी नंतर आईला समजावलं, बरोबर आहे का बघ. व्यवहार तपासून मत देणारे ते व्हॅलिडेटर. त्यांच्या ठेवी ज्या कॉन्ट्रॅक्टमधून, म्हणजे जाळ्यावरच्या प्रोग्रॅममधून येतात, त्याचा पत्ता प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा लिहावा लागतो. पेक्ट्रा या अपग्रेडच्या वेळी होलेस्कीसाठीचा तो पत्ता गेथ, नेदरमाइंड आणि बेसू, जाळं चालवणाऱ्या या तिन्ही प्रोग्रॅममध्ये चुकीचा राहिला. तिघं वेगळ्या गटांनी, वेगळ्या भाषांत लिहिलेले; ते मुद्दामच, एकाची चूक दुसऱ्यात उतरू नये म्हणून. आणि नेमके एकाच जागी घसरले. बहुतेक व्हॅलिडेटर नोंदींच्या साखळीच्या चुकीच्या फांदीवर जाऊन मतं देऊन बसले. परत फिरायचं तर दोन्हीकडे मत दिल्याचा दंड. दोन तृतीयांश मतं एका बाजूला आल्याशिवाय साखळी पक्की होत नाही, ती झाली १० मार्चला. मधे महाशिवरात्र आली, जत्रा उठली, तू देवळाची पायरी चढला नाहीस. मी विहिरीकडून वायर ओढून तुला दुसरा इन्व्हर्टर जोडून दिला. कोणी विचारलं तर सांगतो, होलेस्कीला माझाही हात लागलाय.

तेव्हा विचारलं होतं, कुणाचे पैसे बुडाले? कुणाचेच नाही, तिथलं इथर, म्हणजे नाणं, फुकट वाटतात, म्हणालास. मग जागतोस कशाला? "मेननेटवर, खऱ्या पैशांच्या जाळ्यावर व्हायचं ते इथे झालं, बरं ना, बाबा." ७ मे रोजी पेक्ट्रा मेननेटवर गेलं. दुसऱ्या दिवशी मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. सगळा ऑपरेशन सिंदूरने भरलेला, तुमची एक ओळ नाही. आईला म्हटलं, बाबूचं काम नीट झालं. आम्हा वायरमनचंही तेच, लाईट असेपर्यंत आमची आठवण कोणाला येत नाही.

एवढं कळूनही मला झोप लागत नाही, कारण तुझ्या मागे कोण आहे ते कळत नाही.

तौक्ते आठवतं? मे २०२१. माड तारांवर, खांब शेतात आडवे. लॉकडाऊनमुळे तू घरी होतास आणि बॅटरी धरायला माझ्याबरोबर डीपीपर्यंत यायचास. एबी स्विच उघडून लाईन बंद केली, तरी मी तारेला अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे ती जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावत नव्हतो. सप्लाय बंद आहे तर अर्थिंग कशाला, तू विचारलंस. मी म्हटलं, कोणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येतो. कुठून कळलं ते तेव्हा सांगितलं नाही. आमच्या गँगमधला एक जण तसाच खांबावरून खाली आला होता, तुझ्या जन्माआधी. वाचला, उजवा हात गेला. त्याचं बिल ऑफिसने भरलं, बसून करायचं काम दिलं, आज पेन्शन घेतो. त्या रात्री तू बॅटरी अजिबात हलू दिली नव्हतीस. पावसात चष्मा पुसायलाही हात काढला नाहीस. मी खांबावरून बघत होतो.

तर, या कामाचे पैसे मिळतात ती तुझी ग्रँट मार्चपर्यंत. पुढे? माझं नाव गिटहबवर, कोड ठेवतात त्या साइटवर आहे, म्हणतोस. गिटहब हॉस्पिटलचं बिल भरतं का? कणकवलीच्या सीएला विचारलं मी. तो म्हणाला, क्रिप्टोतल्या नफ्यावर ३० टक्के कर, तोटा कशातून वजा होत नाही, वर १ टक्का टीडीएस, तेव्हा मिळेल त्याची कागदपत्रं जपून ठेवायला सांगा. आम्हाला अनुदान म्हणजे काजू लागवडीचं माहीत, जे रोपं मेल्यावर येतं. पुण्याला निदान पीएफ होता, विमा होता, माणसाला एक साहेब होता…

झालं भाषण. माफ कर. लिहिलेलं खोडत नाही, कागद खराब होतो.

दिवाळीत तू हूडी या टेस्टनेटच्या अपग्रेडच्या तयारीत होतास तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. पलीकडचा माणूस घाईत होता आणि तू इंग्रजीत शांतपणे सांगितलंस की असं चालणार नाही, आधी टेस्ट लिही, मग मी पुढे जाऊ देतो. त्याने ऐकलं. मला माझ्या ज्युनिअर इंजिनिअरला "परमिटशिवाय चढणार नाही" असं म्हणायला अर्धी नोकरी गेली. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं.

बेंगळुरूला आलो होतो तेव्हा ज्या हूडी मेट्रो स्टेशनवर आईने फोटो काढून घेतला, तो तिने आता फ्रेम केलाय. टेस्टनेटना तुम्ही स्टेशनांची नावं देता: स्टॉकहोमचं रॉप्स्टेन झालं, अथेन्सचं सेपोलिया झालं, प्रागवरून होलेस्की. एकदा कणकवलीचाही विचार करा. तुतारी एक्सप्रेस थांबते तिथे.

३ डिसेंबरला फुसाका, तुमचं पुढचं अपग्रेड, मेननेटवर, म्हणजे आपल्याकडे ४ ची पहाट. त्याच दिवशी दत्तजयंती. आईने गाऱ्हाणं घालायचं ठरवलंय. गुरवाने विचारलं, नेमकं मागायचं काय? आई म्हणाली, "तेच्या पाठीशी उभो रव, इतक्याच सांगा." मी काही बोललो नाही. फुसाका हा शब्द गुरवाला मी चिठ्ठीवर लिहून दिलाय, भलतंच काही म्हणेल म्हणून.

त्या रात्री फोन करू नकोस, कामात असशील. सकाळी नुसता एक मेसेज टाक.

तुझे
बाबा

ता. क. सोबत पोस्टातल्या पीपीएफचा फॉर्म आहे. वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. खुणा केल्यात तिथे सह्या कर आणि ग्रँटच्या पत्राची एक प्रत पाठव, त्यावर खाली सही कोणाची आहे ते मला बघायचंय. मेडिक्लेमवाला मंगळवारी येणार आहे, तुझं वय सांगून ठेवलंय. याचा नोकरीशी काही संबंध नाही.